नग एक, बंद स्थितीत

टाइपिस्टबाईंचा राग संस्थेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो सकाळी सव्वादहाला त्यांच्याबरोबर जिना चढून यायचा आणि साडेपाचला त्यांच्याबरोबरच उतरायचा. मधल्या वेळात कोणावर निघेल याचा नेम नसे. कोणी कात्री नेऊन परत ठेवली नाही, कोणी प्रिंटरमध्ये कागद उलटा घातला, 'तातडीचं' म्हणून दिलेलं पत्र सहीसाठी दोन दिवस पडून राहिलं, की बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू. मागे कोणीतरी त्यांना 'खोडरबर' असं नाव ठेवलं होतं, कारण नको असलेली वस्तू डोळ्यांसमोर राहिली की त्यांना चैन पडत नसे. ते नाव कानावर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "बरं झालं. या ऑफिसात दुसरं कोणी काही पुसतच नाही."

ते खोटं नव्हतं. रंगाच्या दुकानाच्या वरचे दोन मजले संस्थेकडे होते आणि त्यातला निम्मा मजला मेलेल्या वस्तूंकडे. तीन पायांच्या खुर्च्या, पाती नसलेले पंखे, शेवटचा कागद कधी बाहेर आला हे कोणालाच आठवत नाही असं फॅक्स मशीन. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला, आणि प्रत्येकाची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये. हे रजिस्टर सांभाळायचे स्टोअरकाका. वस्तू मोडली तरी ती काढता येत नसे. त्यासाठी तीन जणांच्या समितीने येऊन ती बघायची, ठराव करायचा, सह्या करायच्या, मग काका लाल शाईने रेघ मारणार. समितीतला एक सभासद वारून चार वर्षं झाली होती आणि त्याच्या जागी दुसरा नेमायचा ठराव करायला समितीच पुरी भरत नव्हती. तोवर काका प्रत्येक वस्तूपुढे सुबक अक्षरात लिहीत: 'नग एक, बंद स्थितीत.'

संस्थेचं काम मात्र चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना इथे वकील मिळे, काम मिळे, आणि मुख्य म्हणजे त्या कुठे गेल्या हे कोणाला कळणार नाही याची हमी मिळे. सगळी संस्था त्या हमीवर उभी होती. ती गेली तर उरलं काय? खुर्च्या आणि पंखे.

बाई बाविसाव्या वर्षी इथे टाइपिस्ट म्हणून लागल्या, आता त्रेपन्न वर्षांच्या होत्या. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, आणि नऊ वर्षांपूर्वी संस्थेची वेबसाइट आली तेव्हा चिटणीससाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही टाइप करताच ना? मग हेही बघा." झालं. डॉक्टरला म्हणावं, तुम्ही सुई टोचताच ना, मग गोधडी शिवा, त्यातला प्रकार. बाईंनी दोन दिवस आदळआपट केली, तिसऱ्या दिवशी आखीव वही आणली आणि शिकायला बसल्या.

आणि शिकल्या. वेबसाइट म्हणजे एक साधं घर, आणि त्याला लोकांनी बनवून ठेवलेल्या तयार खोल्या जोडायच्या, त्यांना प्लगिन म्हणायचं, हे त्यांनी स्वतःच्या डोक्याने समजून घेतलं. फॉर्म भरायची एक खोली, फोटोंची एक, नकाशाची एक. प्रत्येक खोलीला स्वतःचं दार. कुलूप जुनं झालं की बनवणारा नवं पाठवतो, ते वेळच्या वेळी बसवायचं. दर सोमवारी चहा यायच्या आधी बाई सगळ्या साइटची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर उतरवत, मग एकेक प्लगिन अपडेट करत, प्रत्येकानंतर साइटचं पानन् पान उघडून बघत आणि वहीत लिहीत. सगळी एकदम अपडेट करणारा माणूस आणि रस्ता न बघता ओलांडणारा माणूस, दोघांना त्या एकाच मापाने मोजत.

पण खोल्या होत्या एकतीस आणि वापरात होत्या बारा. उरलेली एकोणीस कोणी ना कोणी हौसेने टाकलेली. एक पानावर बर्फ पाडत असे. एक येणारे-जाणारे मोजत असे. एक नुसतं घड्याळ दाखवत असे, तेही एक तास मागे. काहींच्या बनवणाऱ्यांनीच त्यांचा नाद सोडला होता, त्यांना नवं कुलूप कधीच येणार नव्हतं. ती काढून टाकायची म्हणजे दोन बटणं दाबायची. बाई ती दाबायला बसल्या आणि स्टोअरकाका धावत आले.

"बाई, थांबा! नोंद आहे ती!"

"कसली नोंद?"

काकांनी रजिस्टर उघडून दाखवलं. वेबसाइट ताब्यात घेताना त्यांनी ठेकेदाराकडून यादी मागून घेतली होती आणि एकेक प्लगिन, पंखे-खुर्च्यांच्या खालोखाल, स्टॉकमध्ये चढवलं होतं. 'बर्फ पाडण्याचे, नग एक.' 'घड्याळ, संगणकातील, नग एक.'

"काका, ही वस्तू आहे का? हिला हात लावून दाखवा बघू मला!"

"हात लावता येत नाही म्हणून तर नोंद नको का? उद्या तपासनीस म्हणाले, एकतीसची बारा कशी झाली, तर मी काय सांगू? घरी नेली म्हणू?"

बाई त्या दिवशी इतक्या ओरडल्या की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. मग चिटणीससाहेबांकडे गेल्या. साहेब बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला साखर. अशा गोड माणसाशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारायच्या.

"बाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण समितीशिवाय काढता येत नाही, हेही बरोबर आहे. तुम्ही ती बंद करून ठेवा ना. बंद करायला ठराव लागत नाही."

"साहेब, बंद केलं म्हणजे गेलं नाही. फाइली तिथेच राहतात."

"बंद आहे ना? मग झालं तर."

बाईंनी अर्ज लिहिला. पुढच्या वर्षी दुसरा, मग तिसरा, चौथा. प्रत्येक अर्जात एक वाक्य अधोरेखित असे: जुन्या 'मदत हवी आहे' फॉर्मच्या प्लगिनमध्ये बायकांनी पाठवलेली पत्रं अजून साठलेली आहेत, ते आधी काढावं. नवा फॉर्म तीन वर्षांपूर्वीच बसवला होता, जुन्या पत्रांच्या छापील प्रती समुपदेशक ताईंच्या कुलुपाच्या कपाटात होत्या. जुन्याची काडीची गरज उरली नव्हती. अर्जांवर साहेबांचा शेरा पडे: 'समितीपुढे ठेवावे.' समिती कुठे होती? एक स्वर्गात आणि दोन घरी. अर्जाचं भिजत घोंगडं पडे आणि जुना फॉर्म बाईंनी साहेबांच्या सांगण्याप्रमाणे नुसता बंद करून ठेवला. वहीत लिहिलं: 'बंद केले. सर्व पाने तपासली. ठीक.'

घरी आल्या की नवरा विचारी, "आज कोणाचा नंबर लागला?" तो बेकरीत भट्टीवर कामाला, पहाटे जाऊन दुपारी परत येणारा, पिठासारखाच मऊ माणूस. बाई चपला काढता काढता सगळं रामायण ऐकवत. साहेब काय म्हणाले, काका काय म्हणाले, आपण त्यांना कसं फाडून खाल्लं. एकदा तो भाजी निवडत म्हणाला, "मग काढलंस का ते?"

"काढते कशी? परवानगी नको?"

"म्हणजे ओरडलीस तेवढी."

"तेवढी म्हणजे?"

"तेवढी म्हणजे तेवढीच. ओरडलं की तुला काम झाल्यासारखं वाटतं. तुमचे साहेब भारी हुशार, त्यांना हे कळलंय. तुला पाच मिनिटं ओरडू देतात, मग तू त्यांच्या मनासारखंच करतेस."

बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. एकतीस वर्षांत एकही काम परवानगीशिवाय केलं नाही याचा त्यांना अभिमान होता, आणि त्यावरच या माणसाने बोट ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी बोलल्या, पण त्या विषयावर नाही.

मग तो बुधवार आला. साडेअकराला समुपदेशक ताई बाईंच्या टेबलाशी आल्या. एरवी हसऱ्या असणाऱ्या ताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्या मागे मुलीचा हात धरून एक बाई होती. चार वर्षांपूर्वी ती संस्थेच्या मदतीने घरातून निसटली होती आणि लांबच्या एका गावी मावसबहिणीकडे राहून कपडे शिवत होती. संस्थेत तिला शिवणवाली म्हणत. तिच्या हातात घडी पडून चुरगळलेला एक कागद होता.

"हे तुमचं आहे का बघा," शिवणवाली म्हणाली आणि कागद टेबलावर ठेवला.

बाईंनी चष्मा लावला. वर संस्थेचं नाव. खाली जुन्या फॉर्मची चौकट, तीच कडेची निळी रेघ. नाव, वय. 'नवरा मारतो. मुलीला घेऊन निघायचं आहे. मावसबहीण ठेवून घ्यायला तयार आहे, तिचा पत्ता खाली देत आहे.' खाली पत्ता. घरनंबरासकट.

"हा कागद कुठे मिळाला?"

"त्याच्या खिशात होता. रविवारी आला तो. दार बहिणीने उघडलं. तिचा हात मोडलाय दोन जागी. मी मुलीला घेऊन मागच्या भिंतीवरून उतरले. जाताना पडला त्याच्याकडून हा, बहिणीने उचलून ठेवला." तिचा आवाज अजिबात वर गेला नाही. "चार वर्षं तो शोधत होता. कंटाळून इंटरनेटवर माझं नाव टाकलंन् म्हणे, आणि हे आलं. दारात उभा राहून वाचून दाखवत होता बहिणीला. मी हे फक्त तुम्हाला लिहिलं होतं."

बाईंची बोटं कीबोर्डवर गेली. त्यांनी तिचं नाव शोधलं. पहिल्याच ओळीत ते पत्र होतं. दाबलं, उघडलं. ना लॉगिन, ना पासवर्ड. पत्त्यातला शेवटचा आकडा बदलून बघितला. दुसरीचं पत्र उघडलं. पुन्हा बदलला. तिसरीचं.

कसं? बंद होतं ना ते? त्यांनी त्या प्लगिनची माहिती उघडली आणि वाचत गेल्या. पत्रं एका फोल्डरमध्ये ठेवलेली असत आणि त्या फोल्डरच्या दारावर ते प्लगिन स्वतःच पहारा देई. संस्थेचं माणूस आहे का बघे, मगच पत्र उघडू देई. प्लगिन बंद केलं तेव्हा पहारा बंद झाला. पत्रं तिथेच राहिली. चालू असतं तर पहारा असता, काढून टाकलं असतं तर पत्रं उरली नसती. ज्या एका गोष्टीला ठराव लागत नव्हता, नेमकी तीच त्यांनी केली होती. आणि वहीत लिहिलं होतं: ठीक. साइटचं पानन् पान तपासलं होतं त्यांनी, तो फोल्डर सोडून.

तळपायाची आग मस्तकाला गेली. पण यावेळी ओरडायला तोंड उघडलं तर समोर ती बाई बसली होती. तिच्यासमोर कोणाच्या नावाने ओरडणार? साहेबांच्या? काकांच्या? बटण तर ह्या बोटाने दाबलं होतं.

"ताई," बाई म्हणाल्या, "किती पत्रं आहेत त्याची यादी काढते. प्रत्येकीला आज फोन गेला पाहिजे." त्यांनी आधी पत्रं, आणि ती कोणी कधी उघडली याची साइटवरची नोंद, डिस्कवर उतरवून घेतली. दोनशे चौदा पत्रं. मग फोल्डर पुसला. मग प्लगिन. मग इंटरनेटवर शोधून देणाऱ्यांच्या यादीतून ती पानं उडवावीत म्हणून विनंती पाठवली. तेवढ्यात कोणीतरी सांगितल्यामुळे स्टोअरकाका रजिस्टर काखेत मारून आले.

"बाई, तुम्ही काढताय असं कळलं. समिती नाही, ठराव नाही, मी..."

"काका, रजिस्टर इथे ठेवा."

"अहो पण स्टॉक कमी..."

"तिथे बसलीय ना ती, तिला सांगा स्टॉकचं. तिच्या बहिणीचा हात मोडलाय. तोही लिहून घ्या, नग एक. सांगा तिला!"

काकांनी शिवणवालीकडे बघितलं, टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. मग म्हातारा माणूस रजिस्टर तिथेच टाकून गेला. बाईंनी उरलेली अठरा एकेक करून काढली. बर्फ, घड्याळ, मोजणारं, सगळी. प्रत्येकानंतर साइट उघडून बघितली. कुठे काही अडलं नाही, कुठे काही हललं नाही. नऊ वर्षं जी रजिस्टरात जपून ठेवली होती, त्यांच्यावाचून एक अक्षरही इकडचं तिकडे झालं नाही.

चिटणीससाहेब दुपारी आले. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "बाई, झालं ते वाईट झालं. आता ते पुसलंत ना तुम्ही? मग झालं तर. दोनशे बायकांना फोन करून कशाला घाबरवायचं? संस्थेचं नाव..."

"साहेब, सकाळपासून छत्तीस फोन झालेत."

"कोणाच्या परवानगीने?"

"कोणाच्याच नाही."

"बाई, हे तुमच्यावर शेकेल. खुलासा मागावा लागेल मला."

"मागा. खुलाशात मी लिहिणार आहे की बंद मी केलं, आणि बंद करा म्हणून तुम्ही सांगितलंत. चारही अर्ज जोडते. तुमच्या शेऱ्यासकट." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि साहेब पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. ओरडणाऱ्या बाईंची त्यांना सवय होती. ही बाई त्यांच्या ओळखीची नव्हती.

संध्याकाळपर्यंत बाई आणि ताई दोघी फोन करत राहिल्या. काहींचे नंबर बदललेले. काही फोनवर रडल्या. एकीने इतक्या शिव्या घातल्या की ताईंनी फोन कानापासून लांब धरला. बाईंनी तिचा दुसरा फोन स्वतः घेतला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतला. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाल्या. "घर बदलायचं तर आम्ही मदत करतो. आजच निघा."

शिवणवाली सगळा वेळ भिंतीकडच्या बाकावर बसून होती. मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. पाचच्या सुमाराला ती बाईंना म्हणाली, "ते पुसायला किती वेळ लागला तुम्हाला?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"चार मिनिटं."

"आणि आधी का नाही पुसलंत?"

"परवानगी नव्हती."

"आज मिळाली?"

"नाही."

शिवणवालीने मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

ताईंनी दुसऱ्या शहरात तिची सोय लावली होती. गाडी खाली येऊन थांबली होती. ताईंनी संस्थेचा नोंदीचा कागद पुढे केला, नियमाप्रमाणे. शिवणवालीने पेन घेतलं, आपलं नाव लिहिलं, मुलीचं लिहिलं, आणि पुढे जाणार ते कोणाच्या घरी, त्या रकान्यापाशी थांबली.

"इथे मी काही लिहिणार नाही," ती म्हणाली. "ताई, तुम्हाला तोंडाने सांगते, डोक्यात ठेवा. कागदावर नाही, त्या मशीनमध्ये नाही. आणि यांच्यासमोर तर नाहीच."

ताई काहीतरी बोलायला गेल्या. बाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. त्या खुर्चीवरून उठल्या, खोलीबाहेर गेल्या, दार ओढून घेतलं, आणि आतलं बोलणं कानावर येणार नाही इतक्या लांब, जिन्याच्या टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या.